बुटकीचं मागचं चाक

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं बुटकीला लांबून तरी पाहिलं असणार, असं माईचं ठाम मत होतं. भांडं करपलं तर शेगडी वाईट, शिवण उसवली तर दोरा वाईट, आणि आज सकाळपासून सायकल वाईट. सीट टोचते. हँडल उंच आहे. साखळी कुरकुरते. दहा किलोमीटर व्हायच्या आत तिनं सायकलीचे इतके अवगुण काढले, की सासूनं सुनेचेही काढले नसतील.

आणि ती सायकल बांधली होती कुणी? माईनं. नुसती तेलपाणी करून दिली नव्हती, बांधली होती. बुटकीच्या उंचीची फ्रेम मिळायला दोन महिने गेले. मग दोन्ही चाकांचे स्पोक माईनं स्वतः ताणले, एकेक नट बोटांनी आवळून वर पकडीचा पाव फेरा दिला. चौतीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला सीट कुठं टोचते हे आता बुटकी शिकवणार!

दोघी चौथीपर्यंत एका बाकावर होत्या. माईची शाळा तिथंच सुटली. बुटकी पुढं शिकली, नर्स झाली, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. समुद्रापर्यंत सायकलनं जायचं, हे दोघी वीस वर्षं बोलत होत्या. सातशे किलोमीटर, बारा दिवस. बोलणारी तोंडं दोन होती, पण मनावर घेतलं एकीनंच.

मनावर घ्यायला कारणही तसंच झालं. माईच्या मुलाला दुकानाच्या जागी काचा लावून चष्म्यांचं दुकान काढायचं होतं. "माई, तुझ्या हातात आता जोर राहिला नाही," असं तो जेवताजेवता म्हणाला. माईनं हातातला घास ताटात ठेवला. "समुद्रापर्यंत जाऊन येते. आमच्या दोघींच्या सायकली, माझ्या हातच्या. पोचले तर दुकानाची किल्ली माझ्या कमरेला राहील आणि तू पुन्हा तोंड उघडायचं नाहीस. अर्ध्यातून परत आले तर किल्ली तुझी."

सून म्हणाली होती, "कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण?" सुनेचं माई कधी ऐकत नसे, तेव्हाही ऐकलं नाही.

खिंडीतला लांब उतार संपला आणि पाण्यासाठी थांबल्या, तिथं बुटकीचं मागचं चाक बसलं. माई बाटल्या भरून आली तर टायर रस्त्याला चिकटलेलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बुटकी म्हणाली.

माईनं टायरमधून बोट फिरवलं. काटा नाही, काच नाही. ऊन चढत होतं म्हणून फार न शोधता जुनी ट्यूब पिशवीत टाकली आणि नवी चढवली. दहा मिनिटांचं काम. पण मनात एक किडा शिरला. टायर चढवताना ट्यूब चिमटली असेल का? ती तर शिकाऊ पोराची चूक.

एका शाळेच्या भिंतीपाशी सावलीला बसल्या, माईचा जरा डोळा लागला तेवढ्यात पुढचं चाक गेलं. दुसरी ट्यूबही लागली. गेल्या सहा महिन्यांपासून तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अधूनमधून बधिर होत. नट धरला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असल्यासारखा वाटे. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. सांगितलं होतं ते एका बुटकीला, कारण ती नर्स, आणि कारण ती बुटकी. पुढचे वीस किलोमीटर माई रस्ता बघत नव्हती, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

तिसऱ्यांदा पुन्हा मागचंच चाक बसलं. रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावर, माई तोंड धुऊन आली तेवढ्यात.

"मी फोन केलाय तुझ्या घरी," बुटकी म्हणाली. "अगं, हट्टाला काही सीमा असते."

तेवढ्यात फोन वाजलाच. "माई, टेम्पो घेऊन निघतोय," मुलगा म्हणाला. आवाज मऊ होता, आणि तेच जास्त झोंबलं. "तीन-तीन वेळा म्हणजे काय? बोटं बधिर होतात म्हणे तुझी. आम्हाला सांगायचं नाही होय? राहू दे आता. झालं तेवढं पुरे."

माईनं बुटकीकडे पाहिलं. बुटकी बाटलीचं झाकण लावत होती.

"ये," माई फोनमध्ये म्हणाली. "किल्ली घेऊन जा."

एवढे चार शब्द बोलायला तिला चौतीस वर्षं लागली असती, आज ते श्वासाबरोबर निघून गेले.

टेम्पोला दीड तास लागणार होता. रिकामे हात माईला कधी मांडीवर ठेवता आले नाहीत. तिनं चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली. निदान आपण कुठं चुकलो ते तरी बघू. पंप लावायला व्हॉल्व्ह धरला तर त्याचा हवा अडवणारा नट बोटाखाली गरकन फिरला. तिनं तो आवळला, हवा भरली आणि पेट्रोल पंपावरच्या पत्र्याच्या टबात ट्यूब बुडवली. सगळी गोल फिरवून झाली, पण बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली. पाणी आरशासारखं गप्प.

पिशवीतल्या दोन्ही जुन्या ट्यूब काढल्या. दोन्हींचे नट सैल. आवळले, हवा भरली, बुडवल्या. दोन्ही धडधाकट.

मग तिनं नट उन्हात धरला. तिच्या पकडीचे दात जाडेभरडे, लोखंडावर दोन ओरखडे सोडणारे. ते होतेच. पण त्यांच्यावर आडव्या बारीक रेषा होत्या, कंगव्यानं ओढाव्यात तशा. असल्या बारीक दातांची वस्तू सायकलवाल्यांकडे नसते.

"बुटके, तुझा मलमपट्टीचा डबा आण. त्यातला चिमटा दे."

"कशाला? काही रुतलं का?"

"दे म्हणते ना."

चिमटा नटावर बसवला. दात रेषांवर बरोबर बसले. बुटकीनं ते पाहिलं आणि रचून ठेवलेल्या टायरांवर मटकन बसली.

"का?" माईनं विचारलं.

"त्या उतारावर समोरून ट्रक आला," बुटकी म्हणाली, "तेव्हा मी डोळे मिटले. डोळे मिटून सायकल चालवली मी! म्हटलं, असे बारा दिवस? मला नव्हतंच यायचं गं. वीस वर्षं नुसतं बोलत होतो, ते बरं होतं."

"मग सांगायचं होतंस."

"तुला?" बुटकी हसली, पण ते हसू नव्हतं. "तुझी नणंद पाण्यात उतरायला भ्याली, तर तिला पंधरा वर्षं 'कोरडी' म्हणतेस, तेही पोरांसमोर. तुझ्या तोंडाला भिऊन अख्खं घर तुझ्याशी खोटं बोलतं. खरं बोलायचा मक्ता मी एकटीनंच घेतलाय का?"

ते लागलं. माईनं ट्यूबवरचं पाणी झटकलं.

"बरं, खोटंच बोलायचं होतंस. पोटात कळ आली म्हणायचं. जन्मभर दुखणी हाताळलीस, तुला एक दुखणं सापडू नये?"

"म्हणजे सहल माझ्यामुळं मोडली असती. मरेपर्यंत ऐकवलं असतंस मला."

"आणि माझ्या हातांमुळं मोडली तर चालणार होती?"

बुटकी पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. माईनं तीनही नट पुन्हा पकडीनं आवळले, चाक बसवलं, उरलेल्या ट्यूब घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. बोटं आता बधिर होती की नव्हती, तिच्या लक्षातही आलं नाही.

उन्हं कलताना टेम्पो आला. मुलगा उतरला. बुटकीच्या सायकलचं मागचं चाक त्यानं दाबून पाहिलं. ते टणक होतं.

"अरेच्चा, हे तर ठीक आहे. मग झालं काय होतं?"

"मावशीला विचार," माई म्हणाली आणि बाजूला झाली. मुद्दामच झाली. दार उघडून धरावं तशी ती उभी राहिली, आत यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बुटकीनं मुलाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, माईकडे पाहिलं नाही.

"काय सांगू बाबा," ती हळूच म्हणाली. "वय झालं की होतं असं."

मुलानं समजूतदारपणे मान हलवली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. माईनं त्या हातात बुटकीची सायकल दिली.

"ही टेम्पोत चढव. किल्ली मिळायची नाही. मी पुढं चालले."

"एकटी? माई, वेड लागलंय का तुला? आणि पुन्हा पंक्चर झाली म्हणजे?"

"आता नाही व्हायची."

तिनं आपल्या सायकलचं स्टँड पायानं उडवलं, टांग टाकली आणि एक पाय जमिनीवर ठेवून बुटकीकडे वळली. बुटकी टेम्पोच्या दारात एक पाऊल आत टाकून थांबली होती.

"बुटके, भ्यालीस त्याचं मला काही नाही. त्या उतारावर मीही दोन्ही ब्रेक आवळून, जीव मुठीत धरून उतरले. माझ्या तोंडाला भ्यालीस, तेही मी पदरात घेते, तोंड माझंच आहे. पण माझी बोटं मी तुझ्याजवळ विश्वासानं उघडी केली होती, आणि तू त्यांच्या आड लपलीस. आत्ता माझा मुलगा समोर उभा होता आणि तुला एक वाक्य बोलायचं होतं, तेव्हाही लपलीस. तू केसानं गळा कापलास, तोही मलमपट्टीच्या चिमट्यानं. ही सायकल ठेव, चांगली आहे, तुला जन्मभर पुरेल. बिघडली तर दुकानात आण, नीट करून देईन. पण बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचं आणि नंबर यायची वाट बघायची. आत यायचं नाही."