लांब घडी

मी एक जुना टॉवेल आहे. एकेकाळी पांढरा होतो, आता माझा रंग कोणता हे मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर फरशी पुसायला घ्याल. पण अलेक्झांड्रियातल्या इब्राहिमिया भागात जनावरांचा एक दवाखाना आहे. तिथे कितीतरी कुत्र्या-मांजरांनी माझ्या आधाराने पुन्हा चालायला सुरुवात केली. आणि खरं सांगतो, हे सगळं मी घाबरत घाबरतच केलं.

माझा जन्म महल्ला नावाच्या गावातल्या कापडगिरणीतला. आपण समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात जाणार, अशी स्वप्नं मी मागावर असतानाच पाहिली होती. नशिबी आली ती इन्शिराह. ती या दवाखान्यातली परिचारिका. ऑपरेशन झालेल्या जनावरांचे पाय हलवायचे, चोळायचे, शेकायचे आणि त्यांना उभं करायचं, हे तिचं काम. ती माझी लांब घडी घालायची, जनावराच्या पोटाखालून मला घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरायची. मागचं अंग मी तोलायचो, पुढचे पाय चालायचे. हळूहळू मागचेही चालू लागायचे. "हा माझा उजवा हात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेव्हा मी फुगून जायचो.

पण मला आणखी एक काम होतं. एखादं जनावर वाचायचं नाही. मग मला टेबलावर पूर्ण उलगडून अंथरायचे आणि त्याला माझ्यात गुंडाळून न्यायचे. धुऊन मी परत यायचो, पण ते ओझं मनातून जायचं नाही. लांब घडी म्हणजे चालणं, उलगडणं म्हणजे शेवट. त्यामुळे कुणाचाही हात माझ्याकडे आला की माझा धागा न् धागा आकसायचा.

पुढे दवाखान्यात जनावरांना धरून चालवायला मुठी लावलेला निळा पट्टा आला. त्याचं कौतुक सुरू झालं, मी खालच्या फळीवर गेलो, आणि मला ते दुसरं कामच तेवढं उरलं.

अशात बुंदुक आला. लांबुडका, तपकिरी, वीतभर पायांचा कुत्रा. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मागचे पाय नुसते फरपटत होते. निळा पट्टा त्याला ढगळ झाला, म्हणून इन्शिराहने मला बाहेर काढलं. तिने लांब घडी घातली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्याची मालकीण मतिल्दा मावशी. एकटी बाई, तिचेच गुडघे धड नाहीत. जन्मभर या कुत्र्याला वाकून उचलणं तिला झेपणार नव्हतं. वसंताच्या सणापर्यंत तो उभा राहिला नाही तर त्याला शेवटचं इंजेक्शन द्या, असं तिनेच रडत रडत डॉक्टरांना सांगितलं होतं.

इन्शिराहच्या हाती बुंदुक भीतीने अंगच टाकून द्यायचा. मावशीबरोबर मात्र धडपडायचा. म्हणून इन्शिराह माझी टोकं तिच्याच हातात द्यायची. आणि मावशी मला असं करकचून वर ओढायची की त्याचे मागचे पाय जमिनीला टेकायचेच नाहीत.

"मावशी, तुम्ही त्याला चालवताय की वाळत घालताय?" इन्शिराह म्हणायची.

"आणि पडला म्हणजे?"

"पडून पडून किती पडणार? त्याचं पोट जमिनीपासून आहे केवढं लांब!"

"तुला काय जातंय बोलायला! माझं लेकरू आहे ते."

मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला कळत होती. मधूनच माझ्यावरचा भार क्षणभर हलका व्हायचा. बुंदुक पाय रोवू पाहत होता! पण तेवढ्यात मावशी घाबरून मला आणखी वर खेचायची. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

सण उद्यावर आला. सणाला खायच्या म्हणून दुकानांत मांडलेल्या खारवलेल्या माशांचा वास दवाखान्यात येत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. इन्शिराहने मला टेबलावर अंथरलं, अगदी पूर्ण, आणि चारी कोपरे हाताने सारखे केले. माझ्यावर बुंदुकला ठेवलं. त्याच्या छातीची धडधड माझ्यात उतरत होती. मी इतका घाबरलो होतो की ती त्याची की माझी, हे कळेना.

"थांब गं," मावशी म्हणाली. "एकदा खाली उतरव त्याला. शेवटचं फिरवून आणते."

तिने स्वतःच माझी लांब घडी घातली. आम्ही दाराच्या दिशेने जरासे सरकलो आणि तिला हुंदका फुटला. डोळ्यांना दिसेना, नाक वाहू लागलं. रुमाल शोधायला तिने माझं एक टोक सोडून दिलं.

मी सरळ जमिनीवर पडलो. आता हा माझ्यावर कोसळणार, म्हणून मी अंग चोरलं.

तो कोसळला नाही. मी खाली होतो, त्याचं पोट वर होतं, आणि आमच्यामध्ये बोटभर उजेड होता.

"मावशी," इन्शिराह दबक्या आवाजात म्हणाली, "रडा खुशाल, पण ते टोक उचलू नका."

डॉक्टरांनी इंजेक्शन गुपचूप बाजूला ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, माणूस असो की मांजर, त्याला आधार जरूर द्या. पण मधूनमधून एक टोक सैल सोडून बघा. मी अजून त्या खालच्या फळीवरच आहे. हात जवळ आला की अजूनही घाबरतो. मग मला तो बोटभर उजेड आठवतो.