दोघं असले तरच बनावं

माहा लहान भाऊ उत्कर्ष लय हुशार हाय, असं आमचं अख्खं रिठद गाव म्हनते. मी त्याची मोठी बहीन, धम्मदीपा. मले अजून तसा पुरावा सापडला नाही.

तो पुण्याले कंपनीत लागला, तवापासून आमी दोघं संध्याकाळी मोबाइलवर एक ऑनलाइन गेम खेळतो. त्यात वस्ती उभी करायची असते. ब्लूप्रिंट म्हंजे वस्तूचा नकाशा. तो उघडायचा, लाकूड-दगड टाकायचे, बटन दाबायचं, घडीभरात वस्तू तयार. याले क्राफ्टिंग म्हनतात. मी पंचायतीत कॉम्प्युटरवर बसनारी बाई, रेंगाळनं मले जमत नाही. सामान मी आधीच गेममधल्या माह्या पोत्यात भरून ठेवते. उत्कर्ष आला की पटापट बटनं दाबते. विहीर झाली, गोठा झाला, चल, फोन ठेवते.

मागच्या महिन्यात गेमवाल्यायनं सगळ्यायले इचारलं, की क्राफ्टिंगमधी काय सुधारना पाह्यजे ते सांगा. लोकायनं शहान्यासारखं लिहिलं. कोनाले ब्लूप्रिंट लवकर भेटायले पाह्यजे होते, कोनाले मोठं पोतं. आमच्या हुशारानं काय लिहावं? कोनतीच वस्तू एकट्याच्यानं बनू नये. दोघं असले तरच बनावी. बनायले चांगला घंटाभर लागावा, अन् एक जन उठून गेला तर दुसऱ्याचंही काम थांबावं.

खाली एकानं लिहिलं, "भाऊ, हा गेम हाय का लग्नातल्या पंगतीची वाट पाहनं?" त्याच्यावर हसनारा चेहरा टाकनाऱ्यायत मी पहिली होती.

मंग फोन लावला. म्हनलं, "अरे, लोकं घाई मागून राह्यले अन् तू उशीर मागून राह्यला. काहून?"

"मजा येईन म्हनून."

"कोनाले?"

"जाऊ दे न ताई," म्हने, अन् त्यानं दुसराच विषय काढला.

रविवारी मायनं सरगुंडे घातले. कनकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद काढून वाळवायची, मंग वर्षभर आमरसासंगं खायाची. दरवर्षी आमी तिघं बसतो. उत्कर्षचे सरगुंडे करंगळीएवढे जाड होतात, पन तोंड एक मिनिट बंद नसते. यंदा दोघीच होतो. मी पाचव्यांदा घड्याळ पाह्यलं अन् म्हनलं, "माय, आता तयार इकत भेटतात. कायले पाठ दुखवून घ्याची?"

"इकत आनले तर दुपारभर माह्यापाशी कोन बसन? तू?" माय हसली. "तुले त जेवतानीही घाई असते, बाई."

ती गंमतीनं बोलली, पन माहा हात थांबला. काडीवरची कनीक तशीच राह्यली. पोट्टा तिकडं खोलीवर एकटा, अन् मी रोज त्याले गोठा बांधून देते अन् फोन ठेवते. मले लय वाईट वाटलं. त्या हसनाऱ्या चेहऱ्याची त लाजच वाटली.

संध्याकाळी गेमवाल्यायचं उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार, पन वेग कमी करता येनार नाही.

"नाही म्हनले ते," उत्कर्ष म्हने. आवाज बारीक झाला होता त्याचा. "सोड. आज पूल बनवू. लाकडं असतीनच तुह्यापाशी."

"नाही न," मी म्हनलं. "एकही नाही."

"काहून? तू त पोतं भरून ठेवतं."

"आज मायसंगं सरगुंड्यावर बसली होती. नाही जमलं. चल जंगलात, दोघं मिळून आनू. अन् चालता चालता सांग, तुह्या मेसमधी आज काय होतं खायाले?"

एवढं बोलली अन् मंग मले आठवलं, या गेममधी जोडीदाराचं पोतं दिसते. माह्या पोत्यात तीन पूल होतीन एवढी लाकडं होती. त्याच्या मोबाइलवर समोरच दिसत असतीन.



"खरंच ताई," मंग तो म्हने, "एकही नाही. चल. मेसमधी आज वांगं होतं, पन त्याची लंबी गोष्ट हाय."