दोन जुन्यांच्या काढ्याचा चोथा

उद्या संध्याकाळी देवीच्या जत्रेत जोडगाणं, आणि नायक काम-फाय याच्या घशात कफ बसलेला. वैद्याने दोन जुन्यांचा काढा दिला. संत्र्याची साल जुनी हवी, सोबतचा कंदही जुना. संत्र्यांसाठी नावाजलेल्या शिनहुई गावात सालीला तोटा नाही. बायकोने, सौ-लिनने, लग्नात आणलेल्या बरणीतली काढून उकळली. सकाळी घसा एकदम मोकळा.

चोथा तिने रीतीप्रमाणे गल्लीत ओतला. येणारा-जाणारा तुडवतो आणि दुखणं त्याच्या पायाने निघून जातं. यात कुणाचं वाईट चिंतायचं नसतं, फक्त आपलं बरं व्हावं एवढंच.

तुडवला नेमका शेजारच्या यिन-हाने, म्हणजे जोडगाण्यातल्या नायिकेनेच. दुपारी ती खाकरत दारात उभी.

"फायदादा, तुमचा कफ माझ्याकडे आलाय. घेऊन जा."

"अगं, काल ओल्या केसांनी फिरत होतीस."

"बुटाला साल तुमची चिकटलीय, आणि केस माझे काढताय?"

तिनेही तोच काढा करून प्यायला आणि चोथा त्याच्या उंबऱ्यासमोर ओतला.

"तुडवा. नाहीतर गा एकटेच."

काम-फाय दारात अडकला. तुडवावा तर स्वतःचा आवाज जाणार, न तुडवावा तर नायिका जाणार.

"तिसरा कोणी बघा ना," सौ-लिन आतून म्हणाली.

समोर चांगकाका स्टूल टाकून मजा बघत होते.

"काका, या की चहाला."

"इथूनच वास छान येतोय."

कुत्र्याला हाक मारली. त्याने चोथा हुंगला आणि वळसा घालून गेला.

इतक्यात जत्रेचे प्रमुख घाईघाईने आले. गाण्याआधी भाषण त्यांचंच असायचं आणि ते संपेपर्यंत प्रसादाचं भाजलेलं डुक्कर गार व्हायचं. कागदावरचं भाषण पुटपुटत, पायाखाली न बघता, ते सरळ चोथ्यात उभे राहिले.

"चला, उशीर होतोय. सगळे माझ्या पायांकडे काय बघताय?"

"काही नाही साहेब," यिन-हा म्हणाली. आवाज घंटेसारखा खणखणीत.

मंचावर प्रमुखांनी कागद उघडला. "बंधू-भगिनींनो, खर्र..." पुन्हा "खर्र..." मग ते खाली बसले. इतक्या टाळ्या त्यांना आजवर पडल्या नव्हत्या.

जोडगाणं वेळेवर झालं, डुक्कर गरम वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ-लिनने प्रमुखांकडे काढ्याची पुडी पोचवली. गल्लीतल्या काहींनी मात्र वैद्याला हळूच विचारलं, जुनीऐवजी ताजी साल घातली तर प्रमुखांचा कफ किती दिवस टिकतो.