महाराजांनी वाढवलेली जागा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानाचा कारभार एरवी एवढा ऐसपैस, की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने पायरीवर थांबावं. त्या संध्याकाळी मात्र आत माणसं नुसती कोंबली होती आणि रांग पार रस्त्यावर आली होती. लेकरू घ्यावं तसा कुणी कडेवर कॉम्प्युटरचा डबा घेतला होता, कुणाच्या काखेत लॅपटॉप होता. पाय ठेवायला जागा नसलेल्या दुकानात ही सगळी मंडळी जागा मागायला आली होती.

"महाराज, माझा लाल झालाय हो," एक शिंपी काकुळतीला येऊन सांगत होता. कॉम्प्युटरची डिस्क भरत आली की पडद्यावरची तिची निळी पट्टी लाल होते, तेवढंच त्याचं दुखणं होतं. "कपड्यांच्या नमुन्यांचा एक फोटो घेईना."

"होईल निळा," महाराज म्हणाले. "जागा बाहेर शोधू नका. जागा आत असते."

"वा!" गर्दी म्हणाली.

हे जागावाले महाराज कालपरवापर्यंत याच दुकानात प्रिंटरमध्ये शाई भरत होते. शाई भरता भरता साक्षात्कार झाला म्हणे. आता अंगात पांढरेशुभ्र कपडे आले होते आणि बोटांवरचे शाईचे डाग काही केल्या जात नव्हते. पैसा एकही घेत नसत, त्यामुळे लोकांचा विश्वास आणखीच घट्ट. फुकटातला चमत्कार कुणाला नको असतो?

विधी असा होता. आधी लाल पट्टी सगळ्यांना दाखवायची. मग पडद्यावर एक भलामोठा काळा कपडा टाकायचा आणि महाराजांनी स्वतः त्या कपड्यात डोकं खुपसायचं. बाकीच्यांनी डोळे मिटायचे. "डिस्क लाजाळू असते. बघितलं की आक्रसते," असं महाराजांचं म्हणणं. आत थोडी खटखट व्हायची, कपडा निघायचा आणि पट्टी निळीशार! जिथे मुंगी शिरत नव्हती तिथे मैदान.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. अशा ठिकाणी मी फिरकत नाही, कारण माझं तोंड बंद राहत नाही आणि मग भांडणं होतात. पण त्या दिवशी शाळेतून दादाच्या घरी डोकावलो, तर टेबलावरचा कॉम्प्युटर नव्हता आणि वहिनी हातातली पाटी माझ्यापुढे नाचवत होत्या. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे महाराजांकडे गेले. अडवा!'

मी धावतच सुटलो. पोहोचून गर्दीत शिरेपर्यंत शिंप्याचं काम उरकलं होतं आणि दादाचा नंबर लागला होता. गर्दीच्या पलीकडे त्याचं टक्कल दिसत होतं आणि टेबलावर वहिनींचा कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरचं एवढं काय, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात वहिनींचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. रोजच्या बोलण्यातली शेकडो वाक्यं त्यांनी वहिनींच्या आवाजात भरून घेतली. खिडक्यांना गोधड्या लावून वहिनी आतल्या खोलीत बसायच्या आणि बोलायच्या, "अहो, दार लावा." "मीठ जास्त झालंय का?" "भाऊजी, वाद नंतर घाला, आधी चहा घ्या." प्रत्येक वाक्यानंतर हात वर करून स्वतःच म्हणायच्या, "थांबा. आधीचं नीट उतरलंय का, ऐकू या. मग पुढचं." आम्ही त्यावरून त्यांना फार चिडवायचो.

बाईंनी पडद्यावर प्रत्येक वाक्याचं एक चित्र मांडून दिलं होतं. दाराचं चित्र दाबलं की वहिनींचा आवाज म्हणायचा, "अहो, दार लावा." चहाचा कप दाबला की मला हाक. पाटीवर लिहून काम भागायचं, पण तो कॉम्प्युटर म्हणजे वहिनींचा गळा होता.

हल्ली तो गळा बसल्यासारखा झाला होता. डिस्क भरली होती, चित्र दाबल्यावर आवाज यायला फार वेळ लागायचा. वहिनींनी "अहो" दाबावं आणि ते ऐकू येईतो दादा जिना उतरून गेलेला असावा. दादाला ते सहन होत नव्हतं.

"दादा, थांब!" मी दारातून ओरडलो. "डी ड्राइव्हमध्ये काय आहे ते बघितलंस का?"

"श्श! डोळे मिटा!" पाचपंचवीस लोक माझ्यावर खेकसले. माझ्यापुढच्या धिप्पाड इसमाने डोळे मिटूनच मला कोपराने मागे ढकललं. मी नुसता उड्या मारत राहिलो. काळा कपडा हलत होता.

कपडा निघाला. पट्टी निळी झाली होती.

"सी आणि डी असा भेद होता," महाराज घाम पुसत म्हणाले. "भेद म्हणजे द्वैत. द्वैत मिटलं, की जागाच जागा! बघा, तुमची चित्रं आहेत ना सगळी?"

दादाने पडद्यावर बोट फिरवून बघितलं. दार होतं, कप होता, सगळी चित्रं जिथल्या तिथे होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता प्रसाद," महाराज म्हणाले. "रिकामी जागा रिकामी ठेवू नये, तिच्यात भलतंसलतं शिरतं." असं म्हणून त्यांनी आपल्या प्रवचनांचे लांबच लांब व्हिडिओ त्या कॉम्प्युटरमध्ये ओतले. मी गर्दी फोडून टेबलापाशी पोहोचलो तेव्हा शेवटचं प्रवचनही आत उतरलं होतं.

घरी दादाने वायरी जोडल्या. "आता बघ कशी पटकन बोलशील," तो वहिनींना म्हणाला. वहिनींनी "अहो" दाबलं. पडद्यावर एक पाटी आली, ही वस्तू सापडत नाही. त्यांनी दार दाबलं, कप दाबला. प्रत्येक वेळी तीच पाटी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं, पण उपाय नव्हता.

चमत्काराचं पोट उघडून दाखवायला वेळ लागत नाही. बहुतेक कॉम्प्युटरांत डिस्क एकच असते, पण घरात भिंत घालून दोन खोल्या कराव्यात तसे तिचे भाग पाडलेले असतात. एका खोलीचं नाव सी, दुसरीचं डी. सी भरून वाहत असते आणि कित्येकांच्या घरी डी नुसती मोकळी पडलेली असते. महाराज काळ्या कपड्याखाली एवढंच करायचे, डी पुसून टाकायची आणि तिची जागा सीला जोडायची. भिंत पाडली की खोली मोठी दिसणारच! घर तेवढंच राहतं. आधीच्या दोन खोल्यांची बेरीज आणि आताची एक खोली, आकडा तोच.

शिंप्याची डी रिकामी होती, म्हणून त्याचं काही गेलं नाही. वहिनींचा आवाज डीमध्ये होता. पडद्यावरची चित्रं या नुसत्या दारावरच्या पाट्या. खोली गेली तरी पाट्या टांगलेल्या राहिल्या आणि दादा पाट्या बघून सुखावला.

"प्रत काढली होतीस ना?" मी विचारलं. "बाईंनी बजावलं होतं, त्या स्वतःकडे काही ठेवत नाहीत."

"काढली होती की," दादा म्हणाला. "'प्रत' नावाचं वेगळं फोल्डर केलं होतं. तिथेच, डीमध्ये."

घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून कुलूप लावावं, तशातली ही गत. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तो म्हणाला, "तिची हाक लवकर यावी म्हणून गेलो रे," आणि मी ओरडण्याऐवजी कॉम्प्युटरचा डबा उघडायला घेतला.

पुसलेलं परत आणणारा एक माणूस मला ठाऊक होता. पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच पडून असतं. डिस्क घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने डिस्क तपासली आणि मान हलवली.

"यावर काय ओतलंत? सी तर आधीच भरलेली होती, त्यामुळे नवीन जे आलं ते नेमकं जुन्या डीच्या जागेवर बसलं. जिथे वाक्यं होती तिथे आता कुणीतरी प्रवचन देतंय."

"काहीच निघणार नाही?"

"तुकडे निघतील. आशा लावून बसू नका."

दुसऱ्या दिवशी मी महाराजांना जाब विचारला. त्यांनी शांतपणे डोळे मिटले. "आवाज तर आधीच गेला होता ना? मी फक्त त्याचा मोह सोडवला." गर्दीने माना डोलावल्या. त्या क्षणी माझे हात कसे आवरले ते माझं मलाच ठाऊक.

हातांनी काही होणार नव्हतं. मी शाळेतला एक जुना कॉम्प्युटर घेऊन पुन्हा दुकानात गेलो. त्याची सी गच्च भरलेली होती आणि डीमध्ये मी महाराजांचीच प्रवचनं ठेवली होती. सगळ्यांना ती उघडून दाखवली, महाराजांचं तोंड पडद्यावर हललं, लोकांनी हात जोडले.

"महाराज, आता इथली जागा वाढवा," मी म्हणालो. "फक्त कपडा नको."

"आज योग नाही," महाराज म्हणाले.

"मग मी करतो."

सगळ्यांदेखत, डोळे उघडे ठेवून, एकेक पायरी मोठ्याने सांगत मी डी पुसली आणि जागा सीला जोडली. पट्टी लाल होती ती निळी झाली.

दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंपी पुढे आला आणि चक्क माझ्या पाया पडला. "सर, तुम्हालाही सिद्धी आहे, कधी बोलला नाहीत!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, सिद्धी कसली? प्रवचनं कुठायत ते शोधा!"

लोकांनी शोधलं. प्रवचनं नव्हती. मग एक टंकलेखिका बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या डीमध्ये बाबांचे फोटो होते." त्या उठल्या आणि धावतच घरी गेल्या. पाठोपाठ आणखी चारपाच जण निघाले. महाराज कपड्याची घडी घालत बसले.

इथे खरं तर महाराजांची दुकानदारी संपायला हवी होती. पण ज्यांची डी रिकामी होती ते दोनच दिवसांत परतले. "आमचं कुठे काय गेलं? ज्याची श्रद्धा कच्ची, त्याचंच जातं." रांग पुन्हा पायरीपर्यंत आली. मी रोज शाळा सुटल्यावर तिथे उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. भिंत पाडायला हरकत नाही. ते सोपं आहे, कपडा लागत नाही. पण आधी त्या खोलीतलं सामान दुसऱ्या घरात, म्हणजे वेगळ्या डिस्कवर हलवा. हलवलेलं उघडून बघा, ऐकून बघा. मगच हातोडा उचला. दहातला एखादा ऐकतो. बाकीचे मला शहाणा म्हणतात आणि रांगेत उभे राहतात.

पुसलेलं काढणाऱ्या माणसाचा निरोप आला तेव्हा दादा माझ्याबरोबर आला. सगळे तुकडे मोडके होते. "अहो"मधला नुसता "अ", कुठे एक खोकला, कुठे भांडं पडल्याचा आवाज. एकच तुकडा धड निघाला होता. तो त्या वाक्यांतला नव्हताच. भरताना मध्ये आलेलं, बाईंनी कापून त्याच डिस्कवर बाजूला ठेवलेलं बोलणं होतं ते. दादाने घरी आणून त्याचं चित्र पडद्याच्या मधोमध ठेवलं. या वेळी प्रती तीन ठिकाणी ठेवल्या, एक माझ्याकडे, एक बाईंकडे. बोलण्यासाठी बाईंनी एक यंत्राचा आवाजही बसवून दिला. वहिनींनी तो एकदा ऐकला आणि बंद करून टाकला.

आता वहिनींकडे चित्र एकच आहे. दार लावायचं असलं तरी त्या तेच दाबतात, मीठ विचारायचं असलं तरी तेच. दादा तोंडाकडे बघून ओळखतो. पुष्कळदा चुकतो आणि मिठाऐवजी पाणी आणतो.

काल मी महाराजांच्या नावाने तावातावाने बोलत होतो. पोलिसांत जातो, रांगच मोडून काढतो, असं काहीबाही. चहा निवत होता. वहिनींनी हात वर केला आणि चित्र दाबलं. मागे गोधडीची सळसळ होती, आणि जिवंत, जरा चिडका, त्यांचाच आवाज.

"थांबा. आधीचं नीट उतरलंय का, ऐकू या. मग पुढचं."

रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. माझ्या तोंडून ते कुणी ऐकत नाही.