शिक्क्याच्या खिळ्यावर

डिजिटल सही म्हणजे तुमचा शिक्काच समजा.

हे वाक्य संध्याने टोकावड्याला संस्थेच्या खोलीत फळ्यावर चित्र काढून सांगितलं. २००९ची दिवाळी नुकतीच झाली होती. समोर जंगल कामगार संस्थेची माणसं बसलेली. यंदापासून संस्थेची पत्रं कंप्युटरवरूनच जायची होती, आणि ते शिकवायला संध्या शहापूरहून येत होती. वाक्य सोपं होतं. सगळ्यांना कळलं. तेव्हा तिला बरं वाटलं. आता तोच धडा ती वहीत नव्याने लिहीत होती.

खोडा. पुन्हा.

डिजिटल सही म्हणजे —

संस्थेचा शिक्का खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असायचा. पाडे लांब. चेअरमन जनी तर पार डोंगराखाली राहायची. ज्याला दाखला हवा त्याने शिक्का काढावा, मारावा, परत टांगावा. शिक्क्यासाठी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, ही संस्थेची रीत. मग जनीच्या सहीची ती पेनड्राइव्हसारखी कांडीही त्याच खिळ्याला टांगली गेली. शिक्काच ना तो.

आणि पिन? जनीने विचारलं होतं, "बाई, आकडा इसरले तं?" आकडा पुन्हा पुन्हा चुकला की कांडी बंद पडते, मग ठाण्याला खेप. संध्याने हसत चिकटपट्टीचा तुकडा तोडला, आपल्या पेनाने त्यावर आकडे लिहिले आणि कांडीला डकवला.

हे खोडता येत नाही.

फाइलला कुलूप लावणं वेगळं, सही वेगळी. कुलपाने मजकूर राखला जातो, कुणाला अक्षर बदलता येत नाही. सहीने कळतं की —

वनखात्याला एक पत्र जनीच्या सहीने गेलं. यंदाचं कूप, म्हणजे जंगलाचा तोडणीला मिळणारा तुकडा, संस्थेला नको, असं त्यात लिहिलं होतं. कूप एका ठेकेदाराकडे गेलं. पाड्यांना हिवाळाभर काम नाही. पुन्हा बिऱ्हाडं बांधायची आणि वाशिंदकडच्या वीटभट्ट्या गाठायच्या.

जनी म्हणत होती, असं पत्र तिने पाहिलंही नाही. खोलीसमोर सभा भरली. सही जनीची की नाही, ते सांगायला संध्याला मुद्दाम बोलावलं होतं. तिने फाइल तपासली. कुलूप शाबूत. एक अक्षर बदललेलं नव्हतं. सही अस्सल. तिने शिकवलेलं सगळं नीट चाललं होतं.

"कांडी जनीताईंची आहे," ती म्हणाली. "हात कुणाचा, ते यातून दिसत नाही."

जनीची जाऊ भिमी मागून बोलली, "चेअरमन झाली तवाच मी बोलले, आता हिला न्यायला ठेकेदाराची जीप येल." दोघंतिघं हसली. जनी नाही.

कांडी हातोहात फिरली. प्रत्येकाने चिकटपट्टीवरचे आकडे पाहिले. कुणीतरी जनीला विचारलं, हे उघड्यावर लिहून कशाला ठेवलंस. जनीने संध्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. शिकवायला आलेल्या बाईचं नाव सभेत कसं घ्यायचं.

संध्या थांबली. जनी सांगेल म्हणून. सांगणार नाही हे दिसत असतानाही थांबली.

मग म्हणाली, "आकडे मी लिहिलेत. हा शिक्काच समजा, असंही मीच सांगितलं. चूक माझी आहे, ताईंची नाही."

संस्थेतले सगळ्यात जुने धाकलूबाबा म्हणाले, "मंग आता कूप परत येल?"

"नाही."

"मंग कुनी लिवला ते घेऊन आमी काय करू, पोरी?"

रागाने नव्हे.

संध्या बोलत राहिली. कांडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते. आकडा फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवायचा. ही सही आजपासून रद्द करता येते.

"आन् त्या दिसाची?" जनीने विचारलं.

"ती राहते."

जनी उठली. तिने धाकलूबाबांच्या हातून कांडी घेतली, पदराच्या टोकात ठेवली, गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"आता कशाला गो?" भिमी म्हणाली.

"माझा नाव हाय त्याच्यात."

लोक उठायला लागले. कुणी भट्टीवरच्या मुकादमाला फोन लावायचं बोलत होतं. पाहुणीला तसंच कसं पाठवायचं म्हणून जनीने चहा मागवला. तो संध्याला त्या सगळ्यांसमोर, गरम गरम, शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.