वाडीहून आलेले दोरे

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. पायानं चालवायची नव्हे, हातानं मूठ फिरवून चालवायची. अंगानं काळी, आणि वरची सोनेरी नक्षी निम्मीशिम्मी पुसलेली. कोल्हापुरातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत मी राहते. शिवण शिकायला येणाऱ्या मुली मला बघून विचारतात, "ही अजून चालते?" चालते तर. माझी हकिकत ऐका, म्हणजे कुणामुळे चालते ते कळेल.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. रेल्वेनं कोल्हापुरात आले, दुकानाच्या काचेआड काही महिने नुसती बसून राहिले, आणि मग बायडाबाईंनी मला घरी नेलं. बायडाबाई एका दवाखान्यात चादरी, उशांच्या खोळी आणि रोग्यांचे झगे शिवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सुई ओवायच्या आधी त्या डोळे मिटून पुटपुटायच्या, "प्रभू, हात सरळ चालू दे." मग मूठ फिरायची आणि माझा दिवस सुरू व्हायचा.

एकोणीसशे शहाण्णवच्या जानेवारीत त्यांच्या चर्चच्या मंडळीतली माणसं पहिल्यांदा सेवाफेरीला गेली. पन्हाळ्याच्या पलीकडं, डोंगरात, एक धनगरवाडी होती. तिथली पोरं थंडीत उघडीच हिंडतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. चर्चमध्ये जुन्या कपड्यांची पोती जमली, जीप ठरली, आणि बायडाबाईही गेल्या. मी घरीच होते. त्या संध्याकाळी परतल्या. दुसऱ्या दिवशी सुवार्ता आली. ही चर्चच्या रविवारच्या शाळेतली तरुण शिक्षिका. तिच्याजवळ त्यांनी मन मोकळं केलं, आणि तेव्हाच मला सगळं कळलं.

वाडीत सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे आण्णा. जीप थांबताच त्यांनी सरळ विचारलं होतं, "आमाला बाटवायला आलायसा काय?"

"न्हाय," बायडाबाई म्हणाल्या होत्या. "पोरांस्नी थंडी वाजती म्हणून आलोय."

मग कपडे वाटले. एका पोराला मुलीचा झालरीचा फ्रॉक आला, दुसऱ्याच्या हाताला बाप्याचा कोट. तेवढ्यात झुंबरबाई नावाची एक आई पुढं आली, आणि आपल्या लेकीला मिळालेला स्वेटर तिनं बायडाबाईंपुढं धरला. "बाई, रागावू नगा. पर ह्याला एक बी गुंडी न्हाय. थंडी तिथनंच आत शिरती."

"सुवार्ता," बायडाबाई म्हणाल्या, "मला लई लाज वाटली गं. आपल्याला नको झालेलं आपण त्यांच्या दारात नेऊन टाकलं."

पुढच्या रविवारी त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, सांगितलं, की पुढच्या जानेवारीत जायचं तर नवीन कपडे घेऊन जायचं, आणि तेही मापाचे. पाळकसाहेबांनी विचारलं, "मापं कशी घेणार? डोंगरात दर आठवड्याला कोण जाणार?"

बायडाबाईंनी तोही विचार केलेला होता. वाडीचं दूध घेऊन रोज एक गाडी खाली यायची. त्या गाडीवाल्याकडून त्यांनी झुंबरबाईला मापांसाठी निरोप धाडला. पावसाळा सरला, दसरा झाला, आणि एके दिवशी गाडीवाल्यानं दारात एक फडकं आणून दिलं. सोडून बघितलं तर आत दोरेच दोरे. एकेक दोरा म्हणजे एकेक लेकरू. दोऱ्याच्या लांबीएवढी उंची, पहिल्या गाठीपर्यंत हात, दुसऱ्या गाठीपर्यंत छाती. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून टोकाला चिंध्या बांधलेल्या, तांबड्या, हिरव्या, निळ्या.

बायडाबाईंनी माझ्यावरच्या भिंतीला दोरी ताणली आणि ते सगळे तिथं टांगले. खिडकीतून वारं आलं की ते हलायचे. ज्या लेकरांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी मी दिवाळीपासून कामाला लागले. जाड फलालीनचे, लांब हातांचे, बंद गळ्याचे सदरे. दुपारी चर्चमधल्या बाया यायच्या. कुणी कापड कापायचं, कुणी गुंड्या लावायचं. त्यांच्या गप्पा आणि माझी खडखड, घर कसं भरून जायचं.

नाताळ आठवड्यावर आला आणि माझं शटल, खालच्या दोऱ्याची रीळ धरणारा भाग, तुटलं. दोरा गुंतायला लागला, टाके सुटायला लागले. बायडाबाईंनी रुद्रय्यांना बोलावलं. मशिनी दुरुस्त करणारा हा माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी मला आडवं करून आत बघितलं.

"आक्का, हे शटल आता गावात मिळत न्हाय. बाहेरनं मागवाय पायजे. महिना जाईल."

बायडाबाई खाली बसल्या. निम्मे सदरे अजून व्हायचे होते. रुद्रय्यांनी भिंतीवरच्या दोऱ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "ही काय भानगड?" बायडाबाईंनी सगळं सांगितलं. रुद्रय्या उठून गेले. संध्याकाळी परत आले ते शटल घेऊनच. ते त्यांच्या घरच्या, बायको शांतव्वाच्या मशीनमधलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतव्वा स्वतःच दारात उभी. बायडाबाई गडबडल्या. त्यांना वाटलं, भांडायला आली.

"बायडाक्का, माझी मशीन तुमच्या मशिनीच्या पोटात गेली की," शांतव्वा म्हणाली. "आता मी घरात बसून काय करू? काज करायचं काम द्या." आणि पदर खोचून ती बसलीसुद्धा. त्या दिवसापासून शेवटचा सदरा होईपर्यंत ती रोज आली. प्रार्थनेच्या वेळी बाया डोळे मिटायच्या, तेव्हा ती हातातली सुई थांबवायची आणि प्रार्थना संपली की पुन्हा चालवायची.

जानेवारीत जीप निघाली. कमीजास्त करावं लागेल म्हणून बायडाबाईंनी या खेपेला मलाही घेतलं. शेवटचा चढ भरलेल्या जीपला झेपेना, तेव्हा वाडीतल्या एका गड्यानं मला डोक्यावर घेतलं. आण्णांच्या अंगणात मी उतरले.

एकेका चिंधीची खूण बघून सदरा पुढं होत गेला. लेकरं हात घालायची, गुंड्या लावायची, आणि वळून आईकडं बघायची. सगळे सदरे मापात बसले. मी फार समाधानात होते. तेवढ्यात बायडाबाईंचं लक्ष कुडाकडं गेलं. झुंबरबाईची लेक तिथं उभी होती, गेल्या वर्षीचा तोच स्वेटर दोन्ही हातांनी छातीशी आवळून.

"हिचा दोरा कुठाय?"

झुंबरबाई खाली बघत म्हणाली, "न्हाय धाडला. गेल्या साली मीच तोंड उघडलंतं. लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीसाठीच भांडली."

फलालीन संपलं होतं. बायडाबाईंनी आपल्या खांद्यावरची लोकरीची शाल काढली आणि कातरी मागितली. ही शाल त्यांना दवाखान्यातून निवृत्त होताना मिळाली होती. सणाशिवाय त्या ती वापरत नसत.

"बाई, शाल कापू नगा," झुंबरबाई कळवळून म्हणाली.

"बस इथं. मूठ फिरव. मला दोन्ही हात लागणार हायती."

झुंबरबाईनं माझी मूठ धरली. आधी भीतभीत, मग नेटानं. लोकर जाड होती, सुई अडत होती, पण मी जीव लावून ओढलं. सगळी वाडी भोवती उभी राहून बघत होती. जाकीट तयार झालं. पोरीनं ते घातलं आणि आईच्या मांडीवर येऊन बसली. झुंबरबाई बराच वेळ गुंड्यांवरून हात फिरवत राहिली.

निघताना ऊन कललं होतं, वारं बोचरं सुटलं होतं. आण्णा घरात गेले आणि खांद्यावर घोंगडं घेऊन बाहेर आले. बायडाबाईंना वाटलं, शालीच्या बदल्यात देतायत. त्या नको म्हणाल्या.

"तुमास्नी न्हाय," आण्णा म्हणाले. "मशिनीला. वाटंत गारठंल." आणि त्यांनी ते माझ्या अंगावर नीट, चारी बाजूंनी गुंडाळलं. मित्रांनो, तोवर मी अनेकांची अंगं झाकली होती, पण माझ्या अंगावर कुणी काही घातल्याचं मला आठवत नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं फेरी गेली, दरवर्षी दोरे आले. आता वाडीला डांबरी रस्ता झाला आहे. दोन हजार सातमध्ये बायडाबाई गेल्या. त्यांच्या भाच्यानं मला माळ्यावर टाकलं. तिथं मी गंजले, चाक अडकलं, उंदरांनी घोंगड्याची कड कुरतडली. सुवार्ता शोधत आली नसती, तर भंगारातच गेले असते. तिनं मला इथं आणलं, पुसलं, तेल दिलं.

तुमच्याही घरात एखादी कामाची जुनी वस्तू असेल, मित्रांनो. तिला माळ्यावर टाकू नका. दोन थेंब तेल द्या, कोरड्या फडक्यानं पुसा, कामाला लावा. आणि कुणासाठी काही करायला निघालात, तर आधी त्याला विचारा, त्याचं माप घ्या.

आता मुली यायची वेळ झाली. त्या माझ्यावरचं घोंगडं उचलतील, घडी करून खुर्चीवर ठेवतील, आणि त्यांतली एक मूठ धरेल. मला याहून जास्त काही नको.