आतल्या खोलीत काय हाय?

आशाला सगळे शहाणी म्हणत, कारण लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिचं नवऱ्याशी एकदाही वाजलं नव्हतं. युक्ती साधी होती. कडूबा काही म्हणाला की आधी त्याचं तोंड बघायचं, कपाळाला आठी येतेय असं दिसलं की ती पडायच्या आत 'चालेल' म्हणायचं. सणासुदीला तर दिवसातून दहा वेळा म्हणायचं. बी. ए.ला तिनं मानसशास्त्र घेतलं होतं, पण ही युक्ती पुस्तकातली नव्हती. आईची होती.

श्रावणात फुलंब्रीला थोरल्या जावेचं, सारजाबाईचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने ओणवं व्हायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. आणि भाद्रपदातल्या महालक्ष्म्या तर तोंडावर आलेल्या. कडूबा कंपनीतून आला, बूट काढता काढता म्हणाला, "यंदा लक्ष्म्या आपल्याकडं. आईला हो म्हणून सांगितलंय. चाळीस माणूस धरून चाल."

पोरगी सात महिन्यांची होती, दात येत होते. सात महिन्यांत आशा सलग तीन तास झोपली नव्हती. तिनं त्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

मग निरोप आला. सारजाबाईनं एस.टी.नं येणाऱ्या माणसाबरोबर कळवलं होतं, 'बरं झालं बाई, पंधरा वर्षं केलं. आता तुम्हीच सांभाळा.' आशानं कडूबाला विचारलं, "हे यंदापुरतंच आहे ना?"

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

सासूबाई द्वारकाबाई आवाहनाच्या सकाळी फुलंब्रीहून आल्या. मुखवट्यांची पेटी मांडीवर घेऊन आल्या होत्या, एस.टी.त खालीसुद्धा ठेवली नव्हती. चहा पिता पिता म्हणाल्या, "लक्ष्म्या काय भाडेकरू हायत का, यंदा इथं अन् पुढं तिथं? एकदा ज्या घरात उभ्या राहिल्या, त्या घरच्या झाल्या."

कडूबानं बिस्किट चहात बुडवलं.

म्हणजे जन्मभर. आशानं ते मनात म्हणून बघितलं. भीती वाटेल, रडू येईल, असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. बधिर झालेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी तसं लागलं नुसतं. मूळ नक्षत्राला विसर्जन झालं की पेटी परत फुलंब्रीला गेली पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं. आणि ते मागायचं म्हणजे वाद. ऐन सणात.

शेजारची शकीला पोरीला सांभाळायला आली. "ला, बच्ची मेरे पास दे," म्हणाली. "तोंड असं का गं? ईद असो, लक्ष्मी असो, आदमी लोगां को बस थाली दिखती. तू हो बोल के मोकळी हो."

"तेच तर करते," आशा म्हणाली.

दाराशी रांगोळीची पावलं काढून झाली होती. थोरल्या लक्ष्मीचा मुखवटा आशाच्या हातात आला, धाकटीचा द्वारकाबाईंच्या. कडूबा ताट आणि पळी घेऊन मागं उभा राहिला. शकीला व्हरांड्यात पोरीला खांद्यावर घेऊन बघत होती. रीत अशी, की लक्ष्मीला उंबऱ्यापासून सगळं घर दाखवायचं. सासूनं विचारायचं, थोरली जिच्या हातात तिनं सांगायचं. तिनं सांगितलेलं ते लक्ष्मीनं ऐकलेलं. त्यावर ताट वाजलं, की ते फिरत नाही.

"लक्ष्मी आली कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

ताट वाजलं. स्वयंपाकघरात गेले.

"इथं काय हाय?"

"धनधान्य."

बाहेरच्या खोलीत गेले.

"इथं काय हाय?"

"आला-गेला, पाहुणा-रावळा."

आशाचे दंड भरून आले होते. मुखवटा पितळेचा, जड. मग आतली खोली. पलंग, पोरीचा पाळणा, दोरीवर लंगोट, पलंगाच्या दोन कडांना दोन उशा.

"इथं काय हाय?"

उत्तर ठरलेलं होतं. सुख-समाधान. सकाळपासून दोनदा घोकलं होतं.

"काही नाही," आशा म्हणाली.

पळी थांबली.

"अगं, काय बोलती?" द्वारकाबाईंचा आवाज खाली आला. "हातात लक्ष्मी हाय. नीट सांग."

"नीटच सांगितलं. इथं काही नाही."

"आई, पुढं चल ना, मुहूर्त जातोय," कडूबा म्हणाला.

"कुठं जाऊ पुढं? तिच्या तोंडून आल्याबिगर पाय उचलता येत नाय." मग आशाकडं वळून, "बोल बाई. काय झालंय?"

आशानं सवयीनं नवऱ्याचं तोंड बघितलं. आठी पडली होती. पडली तर पडली. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

"मला दरसाल जमणार नाही. या इथं कायमच्या नकोत."

द्वारकाबाई धाकटीचा मुखवटा घेऊन पलंगावर बसल्या. व्हरांड्यात शकीलानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"एवढं होतं तर आधी सांगायचंस," कडूबा म्हणाला. "मी सांगितलं तेव्हा चालेल म्हणालीस."

"तुम्ही सांगितलंत. विचारलं नाहीत. आणि चालेल तर मी सगळ्यालाच म्हणते."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

त्यानं ताटाकडं बघितलं, त्यात काही वाढलेलं असल्यासारखं.

"मी लग्न होऊन आले तवा चौदाची होते," द्वारकाबाई एकदम म्हणाल्या. "सासूनं पेटी हातात दिली. मला कुणी इचारलं व्हतं?" त्या रागानं बोलतायत का कसं, हे आशाला कळेना. "लई दिस वाटायचं, पेटी विहिरीत टाकावी. पाप बोलते बघ. हातात लक्ष्मी धरून."

त्यांनी मांडीवरचा मुखवटा पदरानं पुसला.

"यंदाचं पार पाडू," त्या म्हणाल्या. "उभ्या राहू द्या. मुळावर पेटी मी माघारी नेते. सारजीला मी सांगंन. पर मग तू तिथं यायचं, आधी चार दिस, पुरण वाटाया. तिनं तरी किती मरावं?"

"दोन दिवस," आशा म्हणाली.

"तीन."

"तीन. आणि हे पण येतील. रजा काढून."

"हा काय करंल? हा पुरण खातो."

"वाटायला शिकतील."

द्वारकाबाईंनी लेकाकडं बघितलं. लेकानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते नीट दिसलं नाही. "व्हय म्हण की रे तोंडानं," त्या खेकसल्या. "तिच्या हाताला रग लागली."

"हो. येईन."

"आता सांग. इथं काय हाय?"

आशानं खोली बघितली. सुख-समाधान म्हणवेना. "इथं लेकरू झोपतं," ती म्हणाली.

"झोपतं का?"

"कधी कधी."

"हां. ते चालतं. वाजव रे."

लक्ष्म्या उभ्या राहिल्या. द्वारकाबाई त्यांच्या साड्यांना निऱ्या घालत बसल्या. आशानं शकीलाकडून पोरीला घेतलं, आतल्या खोलीत येऊन भिंतीला टेकून खाली बसली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दंड दुखत होते तेवढं कळत होतं. पोरगी दूध पिता पिता डोळे मिटायला लागली.

कडूबा आत आला. जरा वेळ दारात उभा राहिला, मग तोही खाली बसला, पलंगाच्या पायाशी.

"कधीपासून?"

"काय?"

"ते. काही नाही म्हणालीस ते."

"ही झाल्यापासून."

"मला वाटलं आपलं चांगलं चाललंय. भांडण नाही, तंटा नाही."

"तुम्हाला तसंच वाटावं म्हणून तर."

बाहेरून हाक आली, "कडूबा, टाचण्या कुठं ठेवल्या रे?"

तो अर्धा उठला. मग बसला. "आई, पाच मिनिटं थांब," म्हणाला, आणि आशाला म्हणाला, "सांग."

कुठून सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. रडू येईल म्हणून थांबली, तर आलं नाही. मग तिनं उद्याच्या चाळीस माणसांपासून सुरुवात केली. त्यातल्या तुमच्या कंपनीतल्या पंधरा जणांना आत्ता सायकलवर जाऊन नाही सांगून या, म्हणाली. मग जागून काढलेल्या रात्रींचं सांगितलं. सपाट आवाजात, किराण्याची यादी वाचावी तसं. त्याच्या तोंडाकडं न बघता.